आधी पाणी पाळा, मग प्लॅटी

रविवारी संध्याकाळी दुकानात जायचं, टाकी, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा आणि सहा मासे असं सगळं एकाच फेरीत घरी आणायचं, रात्री नळाचं पाणी भरून मासे सोडायचे, आणि गुरुवार-शुक्रवारपर्यंत निम्मे मासे आडवे. नव्यानं मासे पाळणाऱ्या कितीतरी घरांत हे असंच घडतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘आपल्या घराला मासे लाभतच नाहीत.’ लाभण्याचा यात काही संबंध नाही. त्या माशांना रोग झालेला नसतो आणि ते उपाशीही नसतात. स्वतःच्याच शरीरातून बाहेर टाकलेल्या अमोनियात ते गुदमरलेले असतात.

प्लॅटी या माशाच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण दुकानदार सांगतो, ‘हा घ्या, हा मरत नाही.’ तसं म्हटलं तर तो खोटं बोलत नाही. मेक्सिकोच्या आखाताकडच्या उतारावर, व्हेराक्रूझपासून ग्वाटेमाला-बेलीझपर्यंत, संथ ओढे, कालवे आणि झाडोऱ्यानं भरलेली डबकी हे या माशाचं मूळ घर. पाच-सहा सेंटिमीटरचा, शांत, मिळेल ते खाणारा, थंडी-उन्हाचा थोडा चढ-उतार सोसणारा मासा. गप्पी, मोली आणि स्वोर्डटेल ही त्याची भावंडं. अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारं हे कुटुंब. नवशिक्यासाठी याहून चांगला मासा मला तरी सुचत नाही. पण तो सोशिक आहे म्हणून आपण त्याची परीक्षा पाहावी असं नाही.

तेव्हा पहिला सल्ला असा की टाकी आज आणा, मासे महिन्यानं आणा.

टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच घ्या. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण 56 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर 45 लिटरच्या आसपास हाती राहतं. काचेचा गोल वाडगा नको, कुणी कितीही आग्रह केला तरी. कमी पाण्यात घाण लवकर साचते, तापमान भराभर बदलतं आणि चूक सुधारायला वेळच मिळत नाही. दोन फुटी टाकी भरली की वजन साठ-सत्तर किलोच्या घरात जातं, म्हणून ती टीव्हीच्या डळमळीत स्टँडवर ठेवू नका. खाली थर्माकोलची शीट घाला आणि खिडकीतून थेट ऊन येणार नाही अशी जागा निवडा. आत स्पंज फिल्टर आणि तो चालवायला हवेचा पंप. एवढ्या माशांना तो स्वस्तातला स्पंज पुरतो, आणि पिल्लं झाली तर तीही त्यात ओढली जात नाहीत.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. टाकीत काही जिवाणू वाढतात, ते या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. नव्या कोऱ्या टाकीत ते नसतात. त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. छंदातले लोक याला टँक सायकल करणं म्हणतात.

हा महिना टाकी रिकामी, पण चालू ठेवायची. पंप दिवसरात्र सुरू. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या. तपकिरी गढूळ पाणी पडेल, तेच विरजण. दुकानात किंवा ऑनलाइन थेंबांची टेस्ट किट मिळते. ती थोडी महाग वाटेल, पण सजावटीवरचा खर्च कमी करून ती घ्या. आधी अमोनिया चढलेला दिसेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसू लागेल. मग मासे आणायला हरकत नाही. तेही एकदम सहा नकोत. आधी दोन-तीन आणा, बाकीचे दोन आठवड्यांनी.

लेख वाचण्याआधीच मासे घरी आले असतील तर? तर ते परत देऊ नका आणि घाबरूही नका. रोज पाव टाकी पाणी बदला, खाणं एक दिवसाआड आणि अगदी चिमटीभर द्या, फिल्टर क्षणभरही बंद करू नका. नायट्राइट चढलं असेल तर दहा लिटरमागे सपाट चमचाभर आयोडीन नसलेलं मीठ पाण्यात विरघळवून घाला. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी शिरतं. महिनाभर हा व्याप करावा लागेल. मासे न आणता थांबलेल्याला हा व्याप नसतो, इतकाच फरक.

आता नळाच्या पाण्याकडे वळू. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जंतूंना मारतो तसाच आपल्या जिवाणूंनाही मारतो आणि माशाचे कल्ले जाळतो. दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात बादलीत घाला, टाकीत नव्हे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलं तरी साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. ती बादली मात्र माशांसाठीच राखून ठेवा. जिच्यात कपडे भिजतात किंवा फरशीचं पाणी होतं ती चालणार नाही. साबणाचा किंचित अंशही माशाला पुरतो.

प्लॅटीला जड पाणी आवडतं. इथे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक गंमत होते. बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरे थर बसतात, गिझरची कॉइल जाते, डाळ शिजत नाही, म्हणून लोक माशांसाठी मुद्दाम आरओचं पाणी भरतात. प्लॅटीला तेच बोअरचं पाणी हवं असतं. आरओच्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात. त्यात प्लॅटी काही दिवसांनी एकाच जागी उभा राहून अंग डावी-उजवीकडे हलवत राहतो, पुढे मात्र सरकत नाही. पाणी फार मऊ किंवा आम्लयुक्त झालं की पिल्लं देणाऱ्या या कुटुंबात हे लक्षण दिसतं. उलट मुंबईत भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मऊ असतं. तिथे फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत मूठभर कोरलचा चुरा किंवा स्वच्छ धुतलेले शिंपले ठेवले तर पाणी हळूहळू जड होतं. पीएच 7 ते 8.2 च्या दरम्यान असला की बस. एक ध्यानात ठेवा, पीएच 8 कडे गेला आणि पाणी तापलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून बोअरवाल्यांनी टाकी सायकल करण्यात अजिबात घाई करू नये.

‘प्लॅटीला मीठ लागतंच’ असं अनेक दुकानदार सांगतात. लागत नाही. जडपणा येतो कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, खारटपणा येतो मिठामुळे. हा गोड्या पाण्यातला मासा आहे. मीठ औषध म्हणून ठीक, रोजच्या जेवणात नको.

तापमान 20 ते 26 अंश पुरतं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वर्षातले आठ-नऊ महिने हीटरची गरज नसते. नाशिक, पुणे किंवा घाटमाथ्यावरच्या थंडीत पाणी 18 च्या खाली जात असेल तर 50 वॉटचा हीटर लावा. आपल्याकडे खरी अडचण आहे उन्हाळ्याची. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतलं पाणी 33-34 अंशांना जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला तो जास्त लागतो. अशा वेळी काचेचं झाकण काढून जाळी टाका, पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. खूपच तापलं तर गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवा, बर्फाचे खडे थेट टाकू नका. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा पंप जवळ असू द्या. तो नसेल तर पेल्यानं टाकीतलंच पाणी वरून परत परत ओतत राहिलं तरी निभावून जातं.

आणि डासांचं औषध! कॉइल असो, विजेवर चालणारी रिफिल असो, पेस्ट कंट्रोल असो, यांतल्या बहुतेकांत पायरेथ्रॉइड नावाची रसायनं असतात आणि ती माशांना अतिशय विषारी ठरतात. हवेचा पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. टाकी असलेल्या खोलीत ही साधनं लावू नका, मच्छरदाणी वापरा. घरात पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टाकी प्लास्टिकनं झाका, पंप बंद करून ठेवा आणि खोली नीट हवेशीर झाल्यावर सुरू करा. सकाळी सगळे मासे एकदम मेलेले दिसले आणि आदल्या दिवशी सारं ठीक होतं, तर मी आधी हेच विचारतो.

दुकानात मासा निवडताना रंगाआधी वागणं बघा. पर उघडे, पोट भरलेलं, काचेजवळ बोट नेलं की खाण्याच्या आशेनं पुढे येणारा. पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलेला, पोट खपाटीला गेलेला किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला मासा तर नकोच, पण त्या टाकीतला कुठलाच नको. माल आजच आला असेल तर चार दिवसांनी या. लाल, पिवळे, काळ्या शेपटीचे, शेपटीजवळ मिकी माऊसच्या तोंडासारखा डाग असलेले, असे अनेक प्रकार मिळतात. निगा सगळ्यांची सारखीच. फक्त ‘बलून’ प्लॅटी घेऊ नका. त्याचा गोलमटोल आकार पाठीचा कणा आखूड होईल अशा निवडीतून आलेला आहे, आणि आतल्या अवयवांना जागा कमी पडते. लोक तो विकत घेतात म्हणून त्याची पैदास होते.

घरी आणल्यावर पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी तिच्यात घाला. तासाभरानं मासे छोट्या जाळीनं उचलून सोडा; दुकानाचं पाणी बेसिनमध्ये ओता. त्या रात्री दिवा आणि खाणं दोन्ही नको.

खाण्याचं सोपं आहे. प्लॅटी दिवसभर काचेवरचं शेवाळ चोखत फिरतो, म्हणजे त्याला वनस्पती हव्यात. स्पिरुलिना असलेले फ्लेक्स हे रोजचं खाणं. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान किंवा काकडीची चकती, आणि अधूनमधून आर्टेमिया किंवा सुकवलेल्या अळ्या. दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तुम्ही टाकीजवळ गेलात की प्लॅटी जन्माचे उपाशी असल्यासारखे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतील. त्या सोंगाला भुलू नका. आजी-आजोबांना आणि मुलांना हे आधीच समजावून सांगा, कारण पोळीचे तुकडे, कुरमुरे आणि पाव त्यांच्याच हातून पडतात. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवा. घरात कुणी आठवड्याचा एखादा वार करत असेल तर माशांनाही त्याच दिवशी करू द्या, लक्षात राहतं. पोट फुगलेल्या माशाला दोन दिवस उपाशी ठेवून मग उकडलेल्या मटाराचा सोललेला गर द्या.

आठवड्याचं काम अर्ध्या तासाचं. सायफन पाइपनं खडीतली घाण ओढत टाकीचा पाव भाग रिकामा करा. ते पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळा. नळाखाली धरलात तर महिनाभर जमवलेली वस्ती एका मिनिटात जाईल. मग क्लोरीन काढलेलं, हाताला टाकीइतकंच कोमट-गार लागणारं पाणी हळू ओता. सगळं पाणी काढून टाकी घासूनपुसून लख्ख करण्याची हौस मात्र आवरा.

आता पिल्लांचं. प्लॅटीतले नर-मादी ओळखणं सोपं असतं. पोटाखाली मागच्या बाजूचा पर बघा. मादीचा पंख्यासारखा पसरलेला, नराचा गुंडाळून टोकदार काडीसारखा झालेला. तीन-चार महिन्यांत ते वयात येतात. मादी साधारण महिन्याला एकदा वीस ते चाळीस पिल्लं देते, मोठी मादी त्याहूनही जास्त. एकदा झालेल्या मीलनातलं वीर्य ती कित्येक महिने साठवून ठेवते आणि त्यावर अनेक वेळा पिल्लं देते. ‘आम्ही नर आणलाच नाही, मग हे कुठून आले?’ या प्रश्नाचं उत्तर हे. दुकानातली मोठी मादी बहुधा गाभणच असते.

दिवस भरले की मादीचं पोट खालून चौकोनी दिसू लागतं, मागच्या पराजवळचा काळपट डाग गडद होतो, ती खाणं सोडते आणि फिल्टरच्या मागे जाऊन राहते. पिल्लू बाहेर पडतं ते दुमडलेलं. तळाकडे जाता जाता सरळ होतं आणि लगेच झाडांकडे धाव घेतं. तांदळाच्या दाण्याएवढं, त्यातही डोळेच मोठे. आणि आई मागे वळून त्यालाच खायला धावते. यात तिचं काही बिघडलेलं नाही, ती अशीच असते. या वेळी मादीला प्लास्टिकच्या छोट्या जन्मपेटीत कोंडण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण त्या अडचणीच्या जागेत मादी धसका घेते. त्याऐवजी टाकीचा एक कोपरा गप्पी ग्रास, हॉर्नवर्ट, जावा मॉस अशा दाट वनस्पतींनी भरून टाका. त्यात लपून जेवढी जगतील तेवढी जगतील. त्यांना तेच फ्लेक्स बोटांनी पीठ करून दिवसातून तीन-चार वेळा द्या. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक देतात, पण तो पाणी भयंकर खराब करतो.

चार माद्या, प्रत्येकी पंचवीस पिल्लं. महिन्याला शंभर. पहिल्या टाकीसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: फक्त नर घ्या, पाच किंवा सहा. रंग त्यांच्यातही तितकाच असतो, थोडा पाठलाग होतो, पण कोणी जखमी होत नाही. पिल्लं हवीच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीचा जीव खातात. आणि पिल्लांना कुठे पाठवायचं हे ती होण्याआधी ठरवा. काही दुकानदार खाण्याच्या डबीच्या बदल्यात घेतात, सोसायटीत कुणी नवी टाकी मांडत असतं. विहिरीत, तळ्यात, नदीत सोडू नका. डास निर्मूलनासाठी सरकार गप्पी सोडतंच की, असा युक्तिवाद ऐकू येतो. पण बाहेरून आलेला, दर महिन्याला पिल्लं देणारा मासा सह्याद्रीच्या ओढ्यात पोचला की तिथल्या छोट्या माशांच्या खाण्यावर आणि जागेवर येतो. आपली जबाबदारी आपल्या टाकीपुरती तरी सांभाळावी.

सोबतीला मोली, झेब्रा डॅनिओ, कोरिडोरास चालतात. गोल्डफिश आणि टायगर बार्ब नकोत. स्वोर्डटेल शांतपणे राहतो, पण दोघांचा संकर होतो. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कोसविग यांना दिसलं की काळे डाग असलेला प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांच्या काही संकरित संततीत ते डाग वाढून त्वचेचा कर्करोग होतो. त्यावरून पुढे कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर मोठं संशोधन झालं. या माशांच्या वंशावळी टेक्सस स्टेट विद्यापीठात आजही जतन केल्या जातात. दुकानातल्या बहुतेक प्लॅटींत स्वोर्डटेलचं थोडंफार रक्त आधीच मिसळलेलं आहे, त्यामुळे घाबरायला नको. पण एखाद्या माशाचे काळे डाग भराभर पसरून वर उचलल्यासारखे दिसले तर त्याची पैदास थांबवा.

मासा आजारी वाटला तर आधी किट काढा, औषध नंतर. पृष्ठभागाशी धापा टाकणं, पर चिकटवणं, अंग खडीवर घासणं, यांतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी पाणी बदलल्यावर कमी होतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मात्र खरा असतो. त्याचा परजीवी अंगावरच्या ठिपक्यात असताना औषधाला दाद देत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी आठवडाभर उपचार चालू ठेवा. दुकानदार प्रत्येक दुखण्यावर जी निळी बाटली देतो ती मुख्य टाकीत ओतू नका. मिथिलीन ब्ल्यू उपयोगी जिवाणूंनाही मारतं. आजारी मासा वेगळ्या बादलीत हवेच्या पंपासह ठेवून तिथेच औषध द्या. शौचाच्या जागेतून लालसर दोऱ्यासारखं काही बाहेर डोकावत असेल तर ते जंत. त्यासाठी लेव्हॅमिसोल लागतं आणि मात्रा पशुवैद्यालाच विचारावी.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मोठा, धडधाकट प्लॅटी तीन-चार दिवस खाण्यावाचून आरामात राहतो. त्याहून जास्त दिवस गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांच्या हातात खाण्याची डबी देऊ नका. प्रेमानं ते चौपट घालतील. एकेका वेळचं खाणं कागदाच्या छोट्या पुड्यांत बांधा, प्रत्येकीवर तारीख टाका, एक दिवसाआडच्या पुड्या ठेवा आणि डबी कपाटात बंद करा. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, निघायच्या दिवशी नाही. काही चुकलं तर तुम्ही घरी असलेलं बरं. पंपाच्या प्लगवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा, कारण जाताना घरातली सगळी बटणं बंद करण्याची सवय कुणाला तरी असतेच.